नाना सुकाणी आणि घोड्याचा पिक्चर

एका वेळी दोनशे माणसांना हसवण्याचा योग माझ्या आयुष्यात एकदाच आला. रविवारी सकाळी, रत्नागिरीतल्या एका पत्र्याच्या थेटरात, मध्यंतर संपल्यानंतरच्या तासाभरात. लोक असे हसले की पत्र्यावर बसलेले कावळे उडून गेले. माझं वय एकोणीस होतं, आणि हा हशा आपण आपल्या अकलेनं कमावला आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी जन्मभर गाढवपणा केला आणि तो चवीनं सांगत आलो. लग्नाच्या दिवशी चुकून शेजारच्या मांडवात शिरून मी दुसऱ्याच नवरीच्या मामाच्या पाया पडलो, ही गोष्ट माझी बायको हयात असेपर्यंत मी तिच्यादेखत पन्नासदा सांगितली असेल. थेटरातली गोष्ट मात्र मी तिलाही कधी धड सांगितली नाही. आता सांगतो, कारण परवा दुपारी त्या गोष्टीचा शेवट मला कळला. इतकी वर्षं मी चुकीचा शेवट घेऊन हिंडत होतो.

आमचं घर तेव्हा मांडवीच्या वाटेवर, उताराला. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, पुढे सारवलेलं अंगण, मागे चार माड आणि एक रायवळ आंबा, ज्याची फळं आमच्यापेक्षा माकडांनीच जास्त खाल्ली. पहाटे बंदरात लाँचींची धडधड सुरू झाली की इकडे आईचा वरवंटा सुरू व्हायचा, आणि त्या दोन आवाजांच्या मधे अण्णांचं घसा खाकरणं. अण्णा म्हणजे माझे वडील. कचेरीत कारकून. बोलणं इतकं मोजकं, की जे बोलत ते सही-शिक्का मारून बाहेर पडल्यासारखं वाटायचं. न्याहारीला उकड्या तांदळाची पेज, सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. त्या वासानं शेजारच्या तीन घरांतली मांजरं आमच्या मागच्या दारी हजेरीला येत, आणि आई त्यांना नावानिशी शिव्या देत एकेक डोकं टाकी.

या घराच्या पडवीत नानाकाका राहत. अण्णांचे धाकटे भाऊ. आम्ही मूळचे नाटे गावचे. तिथून काका मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गेले आणि मुंबईहून परदेशी मालवाहू जहाजांवर. वीसेक वर्षं दर्यावर काढून, एक पाय अधू करून ते परत आले तेव्हा मी शाळेत होतो. लग्न केलेलं नव्हतं. सोबत एक हिरवी लोखंडी पेटी, चौकटीचं जाड कांबळं आणि एक गजराचं घड्याळ. ते घड्याळ लंडनची वेळ दाखवतं, असं ते सांगत. ते बंद होतं हे मला फार उशिरा कळलं. जहाजावर काका सुकाणी होते, म्हणजे चाक हातात धरून जहाज वळवणारे. तुफानात आपण जहाज कसं काढलं हे ते पडवीतल्या खांबाला दोन्ही हातांनी धरून दाखवत, आणि आम्ही पोरं त्या खांबाबरोबर डोलत असू. गावात त्यांना नाना सुकाणी म्हणत. कोपरापर्यंत त्यांच्या हातांवर भाजल्यासारखे पांढुरके डाग होते. ते दोर घासल्याचे, असं ते म्हणत.

आता आठवतं, की खुणा सगळ्या डोळ्यांसमोर होत्या. काका जेवायचे भराभर, जसं कोणीतरी हाक मारणार आहे. जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासायचे, आणि आईचं लक्ष नसलं की सगळ्यांचीच घासून, उतरंड लावून मोकळे व्हायचे. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाहीत. पण आईनं बांगड्याचं तिखलं चुलीवर ठेवलं की पडवीतून आवाज यायचा, वहिनी, तिरफळं आज जरा आधी पडली. आई चिडायची. चव घेऊन बघायची, आणि आणखी चिडायची, कारण ती खरंच आधी पडलेली असत. जहाज वळवणाऱ्याला एवढं नाक कशाला लागतं, असं ती एकदा अण्णांना म्हणाली. अण्णांनी भात कालवला.

माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतरच्या वैशाखात आईनं घरातल्या गाद्या, कांबळी, पेट्या उन्हात काढल्या. काका बंदरावर गेले होते. त्यांची पेटी उलथी करताना खलाशाचं पुस्तक खाली पडलं. त्यात प्रत्येक सफर, जहाज आणि त्यावरचं काम इंग्रजीत नोंदलेलं होतं. मी इंग्रजी विषय घेतलेला मनुष्य. इंग्रजी दिसलं की वाचायचं, हा तेव्हा रोगच होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सुकाणू कुठेच नव्हतं. आधी भांडी घासणारा, मग आचाऱ्याचा मदतनीस, मग शेवटपर्यंत दुय्यम आचारी. मी मान वर केली तर समोर अण्णा.

"वाचलंस?"

"हो."

"आता विसर."

एवढंच. त्यांनी पुस्तक पुसून पेटीच्या तळाशी ठेवलं. आमच्या किनाऱ्यावर तेव्हा एक रीत होती, आणि ती कोणी कोणाला शिकवत नसे. जहाजावरून परत आलेल्या माणसाला त्याचा हुद्दा विचारायचा नाही. तो सांगेल तो खरा. राजिवड्यात, मिरकरवाड्यात घराघरातून माणसं जहाजांवर. कोण खरोखर काय होतं हे त्यांना ठाऊक नसणार असं थोडंच आहे? पण वीस वर्षं खारं पाणी सोसून आलेल्या माणसानं जमिनीवर स्वतःला एक पायरी वर चढवलं तर कुणाचं काय जातं, असा तो हिशेब होता. मी त्या रीतीतच वाढलो होतो. म्हणजे मला सबबही नाही.

आता थेटर. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. आठवडाभर हिंदी, मराठी पिक्चर आणि रविवारी सकाळी एक इंग्रजी. ते बहुतेक घोड्याचे पिक्चर असत: धुळीचं गाव, टोप्या, बंदुका, घोडे. इंग्रजी कोणाला समजत नसे, पण घोडा समजायला इंग्रजी लागत नाही. तरी मधे मधे माणसं बोलतच, आणि तिथे गाडं अडे. असंच एकदा अडलेलं असताना नानाकाकांनी जागेवरून उठून, "मंडळी, हा म्हणतो आहे की विहीर माझ्या बापाची आहे," असं सांगितलं, आणि सगळ्या थेटराचं कोडं सुटल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मालकांनी दुसऱ्या खांबाजवळ भिंतीला लागून काकांसाठी एक लोखंडी खुर्ची ठेवली. तिकीट नाही, मध्यंतराला चहा आणि एक बटाटावडा. त्या खुर्चीत काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसत. रविवारी सकाळी त्यांची दाढी, पाय ओढत आरशापुढच्या फेऱ्या, मग माझ्याकडे बघून, "काय रे, कॉलर बरी आहे ना," हे सगळं घरातल्या सणासारखं. आठवड्याचे सहा दिवस ते भावाच्या पडवीत राहणारे होते. सातव्या दिवशी सकाळी साडेदहा ते एक ते नाना सुकाणी होते.

सांगण्याची पद्धत त्यांची स्वतःची. सगळं सांगायचे नाहीत. पडद्यावरचे लोक पाच वाक्यं बोलले की ते एक बोलायचे, ठाम, खालच्या पट्टीत. "मंडळी, हा रागावलेला नाही. हा घाबरलेला आहे." यंत्राची घरघर, पंख्याची करकर आणि त्यात तो आवाज. बायका मुलं घेऊन येत. राजिवड्याचे हसनचाचा, लाँचीवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, म्हणून उभा जन्म काढलेले, ते तर काकांच्या खुर्चीशेजारची जागा कोणाला देत नसत. मी मित्रांबरोबर मागच्या बाकांवर. पहिल्या वर्षी मला काकांचा अभिमान वाटे. पुस्तक वाचल्यावर मी त्यांच्या चुका शोधायला लागलो. मला इंग्रजी येतं आणि यांना येत नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. भांडी घासणाऱ्याला इंग्रजी कुठून येणार?

आणि मग तो पिक्चर आला. बाहेरच्या चित्रात घोडा, बंदूक, टोपी सगळं नेहमीचं, फक्त घोड्यावर बसलेल्या माणसाच्या पाठीला एक भलीमोठी कढई बांधलेली. हा विनोदी पिक्चर होता; पण घोड्याचा पिक्चर विनोदी असू शकतो हे रत्नागिरीत कोणाला माहीत नव्हतं, आणि कोणी तशी तयारी करून आलं नव्हतं. गोष्ट अशी: गुरांचे कळप हाकणाऱ्या टोळीबरोबर एक आचारी आहे. गोल चेहऱ्याचा, भित्रा दिसणारा. सगळे त्याची टर उडवतात, त्याच्या थाळ्या फेकतात, त्याला पिठाच्या पिंपात ढकलतात. त्याच्या गाडीत एका बाईची तसबीर आहे आणि तो अधूनमधून तिच्याशी बोलतो. टोळी एका गावात येते, तिथे एक दरोडेखोर याचं कालवण खाऊन आडवा होतो, आणि गावकरी समजतात की यानंच त्याला लोळवला. म्हणून ते आचाऱ्याला गावचा फौजदार करतात. पुढे सगळा गोंधळ.

नानाकाकांनी हा पिक्चर सांगितला तो असा. "मंडळी, हा मोठा नेमबाज आहे. पण यानं आईला शब्द दिला आहे, बंदूक धरणार नाही म्हणून. ती तसबीर आईची. तोवर हा चूल सांभाळून पोट भरतो." आचारी हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही, हे मला लगेच जाणवलं, आणि गंमत वाटली. त्यानंतर पडद्यावर काय वाटेल ते होवो, लोकांना दिसत होता तो एक शब्दाला जागणारा माणूस. त्याच्या डोक्यावर थाळी आपटली की थेटरात कुणीतरी चुकचुके. तो पिठात पडला आणि भुतासारखा पांढरा होऊन उठला, तेव्हा तर पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. मी मागे फिदीफिदी हसत होतो. हसनचाचा वळून म्हणाले, "हसतोस काय रे? माणूस पिठात पडलाय." काका मधेच म्हणाले, "याला रोज असंच करतात, मंडळी. रोज."

त्या "रोज"पाशी मी आज थांबतो. तेव्हा थांबलो असतो तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण मध्यंतर झालं, मित्रांनी मला कोपऱ्यात घेतलं. अरे, हा हसायचा पिक्चर आहे ना? तुझ्या काकांनी तर मयताला आणून बसवलंय सगळ्यांना. तू इंग्रजीवाला, तूच सांग की. मी नको नको म्हटलं, तेही ऐकू येईल इतकंच. दिवे गेले, पडद्यावर फौजदार झालेला आचारी घोड्यावर उलटा बसला, काका म्हणाले, "मंडळी, याला घोड्याचं दुःख आहे," आणि मी मागून ओरडलो, "काका, तसं नाही ते!"

थेटरात माना वळल्या. काका अंधारातच म्हणाले, "मग कसं आहे, सांग." रागानं नव्हे. खरंच विचारल्यासारखं. मी पुढे गेलो, दुसऱ्या खांबाच्या अलीकडे उभा राहिलो आणि सुरू झालो.

इथे एक कबुली देतो. मला त्यातलं काही समजत नव्हतं. आमच्या कॉलेजात जे इंग्रजी शिकवत ते पुस्तकातलं, इस्त्री केलेलं. पडद्यावरचे लोक तोंडात तंबाखू धरून बोलल्यासारखे बोलत. दहातला एखादा शब्द ओळखीचा वाटे, बाकी मी जोडत होतो. पण जोडत होतो झकास. घोड्याला मी आमच्या एसटीचा कंडक्टर केला, दरोडेखोरांना कोर्टातले वकील. तसबिरीतली बाई म्हणजे त्याची बायको, आणि हा तिच्या धाकानं घर सोडून पळालेला. लोक आधी बावचळले. मग कोणीतरी खुसकन हसलं, मग एक रांग, मग सगळं थेटर. पिठाबद्दल डोळे पुसणारी बाईही हसली. दोनशे माणसं आपल्या एका वाक्याची वाट बघताहेत, ही चव एकदा लागली की डोकं ठिकाणावर राहत नाही. निदान माझं राहिलं नाही.

पडद्यावर तो पुन्हा तसबिरीसमोर उभा राहून काही बोलायला लागला. मी म्हटलं, "आता हा बायकोला सांगतोय, घरी येतो, पण लाटणं खाली ठेव." हशा झाला. त्या हशात काका खुर्चीतून म्हणाले, "अरे विन्या, तो आईशी बोलतोय."

आणि मी म्हणालो. अजून ते वाक्य मला माझ्याच आवाजात जसंच्या तसं ऐकू येतं. "बरोबर आहे, काका, तुम्हांलाच कळणार. आचाऱ्याचं मन आचाऱ्यालाच ठाऊक!"

हशा आला तो सर्वांत मोठा. कावळे उडाले ते तेव्हाच. पण तो हशा मधेच दुमडला. मागच्यांना ती नुसती चेष्टा वाटली. पुढच्या रांगांत दर्यावरची माणसं होती, ती एकेक करून गप्प झाली. हसनचाचांनी काकांकडे बघितलं नाही. ते खाली जमिनीकडे बघत राहिले. तेवढ्यात बाकांवरून कोणी टारगट ओरडलं, "काय नाना, आज कालवण काय?" काका उठले. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. लोखंडी खुर्ची दुमडली, भिंतीला टेकवली, आणि पाय ओढत कडेकडेनं दाराकडे गेले. दाराचा पडदा सरला, उन्हाची एक पट्टी आत आली आणि गेली. मी थांबलो नाही. पिक्चर अजून वीस मिनिटं बाकी होता आणि मी तो शेवटपर्यंत सांगितला. शेवटी आचारी आणि दरोडेखोरांचा म्होरक्या समोरासमोर येतात, आचारी आपला एप्रन काढून घडी करतो, काहीतरी पुटपुटतो, खाली पडलेली बंदूक उचलतो आणि म्होरक्याची टोपी उडवतो. मी सांगितलं, नेम चुकला आणि लागला. टाळ्या पडल्या.

बाहेर आलो तेव्हा मालकांनी पाठीवर थाप मारली, पुढच्या रविवारी तूच ये म्हणाले. हसनचाचा चपला घालत होते. ते म्हणाले, "हसवलंस, विन्या. चांगलं हसवलंस." आणि जरा थांबून, "पण आमचा पिक्चर मोडलास."

घरी काका नव्हते. अण्णांना गोष्ट माझ्याआधी पोचली होती; रत्नागिरीत ती माणसापेक्षा आधीच पोचते. ताटावर बसलो. अण्णांनी पहिला घास घेतला नाही. म्हणाले, "तुला विसर म्हटलं होतं." आणि ताट पुढे सारून उठले. अण्णांनी भरलं ताट सोडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. आईनं माझ्याकडे बघितलं, तरी मी जेवलो. भूक लागली होती. तेही सांगून टाकतो.

काका संध्याकाळी आले आणि पडवीत जाऊन पडले. आठवडाभर मी माफी मागायची तयारी करत होतो. वाक्यं जुळवत होतो. जुळवलेली सगळी वाक्यं इतकी छान वाटत की ती कोणी ऐकावीत असंच वाटे, आणि तिथेच ती नासत. मग रविवार आला. साडेदहाला, ज्या वेळी ते खुर्चीत बसत, काका प्रथमच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले. पांढरा शर्ट नव्हता, बनियन आणि लुंगी. म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही बसा. मी करतो." आईनं पाट सोडला. त्यांनी कांदा चिरला तो आम्ही बघतच राहिलो. सुरी दिसत नव्हती, नुसता आवाज. उकळत्या भांड्यावरून हात सहज फिरायचा, आणि कोपरापर्यंतचे ते पांढरे डाग कशाचे हे आता कोणी सांगायची गरज नव्हती. सुरमईचं कालवण, कांदा घातलेला पिवळा भात, आणि शेवटी दूध-अंड्याचा कसलासा थरथरता गोड पदार्थ, जो गोऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर जात असे. तसं जेवण मी पुन्हा जेवलो नाही. वाढताना ते म्हणाले, "वहिनी, तिरफळं अशी शेवटी." माझ्या ताटात वाढताना सुरमईचा मधला तुकडा मलाच घातला. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रविवारी मी थेटरात जाणार होतो, पण गेलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेलो, आणि माझं पितळ उघडं पडलं. पिक्चर गंभीर होता. त्यात कंडक्टर घालायला जागा नव्हती. पडद्यावरचे लोक बोलत राहिले आणि मी नुसता बघत राहिलो. पाचव्या मिनिटाला कोणीतरी म्हणालं, "अरे, सांग की." मी काहीतरी सांगितलं. पडद्यावरच्या बाईनं त्याच क्षणी अगदी उलट केलं. लोक हसले, पण आता मलाच हसले. दोन महिन्यांत रविवारचा इंग्रजी पिक्चर बंद झाला. खुर्ची भिंतीला टेकलेलीच होती. मालकांनी ती तशीच ठेवली.

गावात नाना सुकाणी हे नाव महिन्याभरात गेलं. नाना आचारी झालं. कोणी मुद्दाम वाईटपणा केला असं नाही. आमच्याकडे टोपणनाव बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. दिवाळीच्या आत काका पेटी घेऊन नाट्याला गेले, मूळच्या घरात. अण्णांनी थांबवायचा प्रयत्न केला. काका म्हणाले, तिथलं छप्पर बघायला हवं. छप्पर बघायला गेलेला माणूस पुन्हा आला नाही.

मी एकदा गेलो होतो. नोकरी लागली होती, पेढे घेऊन गेलो. एसटीतून उतरून समुद्राच्या वाटेनं चालताना मी ते वाक्य पुन्हा जुळवत होतो. काका चुलीपुढे बसलेले, केस पूर्ण पांढरे. भांड्यात पेज ढवळत होते. त्यांनी अण्णांची, आईची, मांजरांचीसुद्धा चौकशी केली. मी माफीच्या अलीकडे दोनदा येऊन परत गेलो. मग तेच सहज म्हणाले, "त्या पिक्चरचा शेवट काय झाला रे? मी उठून आलो होतो."

मी सांगितलं, नेम चुकला आणि लागला.

"असं?" काका म्हणाले. त्यांनी पेज एकदा ढवळली. "मला वाटलं होतं, शेवटी तो बंदूक धरील. आईला विचारून."

"नाही," मी म्हटलं. "विनोदी होता ना तो."

"हो, तेही खरंच," काका म्हणाले, आणि मला पेज वाढली. त्यानंतर दीड वर्षानं ते गेले. माफी माझ्यापाशीच राहिली.

परवा दुपारी जेवण झाल्यावर नातीनं टीव्हीवर काहीतरी लावून दिलं आणि क्लासला गेली. आजकाल जगातला कुठलाही पिक्चर घरात येतो, खाली छापील इंग्रजी अक्षरांसकट, म्हणजे बोलणं कळलं नाही तरी वाचता येतं. माझं निम्मं आयुष्य इंग्रजी कागद वाचण्यात गेलं. वाचायला मी घाबरत नाही. घोड्यावर कढई बांधलेला माणूस दिसला आणि मी चष्मा शोधला.

पहिल्या दहा मिनिटांत तसबीर आली. तो तिला म्हणतो, आई, तुला शब्द दिलाय, आजही हात लावला नाही. नेमबाज होता तो. साऱ्या मुलखात नाव असलेला. काकांनी एक अक्षर चुकीचं सांगितलं नव्हतं. वीस वर्षं जहाजाच्या स्वयंपाकघरात उभं राहून तंबाखू चघळत बोलणाऱ्यांचं बोलणं ज्यानं ऐकलं त्याला ते कळत होतं, आणि मला, इंग्रजी विषयवाल्याला, नव्हतं. तो विनोदी पिक्चर होता हेही खरं. मी परवाही पिठाच्या पिंपाला हसलो. पण हसता हसता मी शेवटाची वाट बघत होतो.

शेवट आला. धुळीत दोघं समोरासमोर. तो एप्रन काढतो, घडी करतो, घडीवर हात ठेवतो. ओठ हलतात. याच जागी मी त्या दिवशी, कालवणात मीठ जास्त झालं म्हणतोय, असं कसलंसं वाक्य टाकलं होतं. खाली अक्षरं उमटली: आई, एकदाच. आणि त्यानं बंदूक उचलली, हात न थरथरता, आणि टोपी उडवली ती नेम धरून.

मी टीव्ही बंद केला. समोर नातीची प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती. चुलीपुढे बसून त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी त्यांना चुकीचं सांगून पेज पिऊन आलो होतो. घरात कोणी नाही हे बघून मी मोठ्यानं म्हणालो, त्यांच्यासारखंच, खालच्या पट्टीत, "नानाकाका, त्यानं धरली बंदूक. आईला विचारून धरली."